गल्ल्यावरचा हात

माझ्या डाव्या हाताची करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट थंडीत नीट मिटत नाही. इंदूरला डिसेंबर-जानेवारीत पहाटे चांगलीच बोचरी हवा असते, तेव्हा मूठ केली की तीन बोटं आत आणि दोन बाहेर राहतात. ऑफिसातल्या पोरी म्हणतात सर तुम्ही चहाचा ग्लास काय नवाबासारखा धरता हो. मी हसून सोडून देतो. सोळा वर्षं झाली त्याला, आता प्रत्येकाला काय सांगत बसायचं.

पण आज सांगतो.

२००९ चा जून संपत आलेला. मी बी.कॉम. झालो होतो, दिवसा टॅलीचा क्लास आणि रात्री एका मेडिकलवर काउंटरला. समोर एक नर्सिंग होम होतं म्हणून दुकान रात्रभर चालू. रात्री १० ते सकाळी ७ मी एकटा, महिना ४,८०० रुपये. आम्ही परदेशीपुऱ्याकडचे, बाबा मिलमध्ये विव्हिंग खात्यात होते, मिल बंद पडल्यावर त्यांनी बरंच काय काय केलं, त्यामुळे नाइट ड्यूटी वगैरे शब्दांचं घरी कुणाला काही वाटत नव्हतं. आई फक्त म्हणायची की तिथे झोपू नकोस, कोणी काही घेऊन जाईल. आईच्या डोक्यात चोर म्हणजे झोपलेल्या माणसाकडून घेऊन जाणारा.

रात्रीच्या मेडिकलवर खरं तर भीती अशी एकदम येत नाही, ती रोज थोडी थोडी येते आणि तिची सवय होते. बारा-साडेबाराला कोणीतरी 'नाइट्रा' मागायला येणारच. नाइट्रा म्हणजे झोपेची गोळी, नशा करणारी पोरं मूठभर खातात, चिठ्ठीशिवाय द्यायची नसते. नाही म्हटलं की आधी 'भिया दे दे यार', मग आईबहिणीवरून, मग 'बाहर मिल, देख लूंगा'. एकाने काचेच्या बरणीवर नाणं आपटून आपटून तडा पाडला होता. कोणाचा पेशंट समोर सिरियस असला आणि एखादं इंजेक्शन आमच्याकडे नसलं तर तो माणूसही आमच्याच अंगावर यायचा. त्याचा राग मला तेव्हाही आला नाही आणि आताही येत नाही, त्याला समोर दुसरं कोण दिसत होतं? हे सगळं सकाळी सेठला सांगावं असं कधी डोक्यातच आलं नाही. सकाळी सांगायचं असायचं ते एकच, गल्ला जुळला की नाही.

गल्ला ही काय चीज आहे ते काउंटरवर न बसलेल्याला कळणार नाही. सकाळी मुनीमजी यायचे, बिलबुकाची बेरीज आणि रोकड समोरासमोर ठेवायचे आणि फरक आला की एका लाल वहीत लिहायचे. त्या वहीचं नाव शॉर्टेज. दहा-वीस रुपये माफ, त्यावर गेलं की महिन्याच्या शेवटी पगारातून कट. माझे मे महिन्यात २१० गेले होते, घाईत कोणाला तरी जास्त सुट्टे दिले गेले असणार. २१० रुपये म्हणजे तेव्हा माझा महिन्याभराचा टेम्पोचा खर्च होता, म्हणून पुढचा महिनाभर क्लासला चालत गेलो, परदेशीपुऱ्यापासून राजवाड्यापर्यंत, मे-जूनच्या उन्हात. सांगायचं कारण असं की ती लाल वही माझ्या डोक्यात नव्हती, ती पायात होती.

त्या रात्री पाऊस नुकताच लागला होता. पावणेतीनच्या सुमारास एक बाइक थांबली, दोघं उतरले, एकाच्या अंगावर रेनकोट, दुसऱ्याने हेल्मेट काढलं नव्हतं. रेनकोटवाला म्हणाला, 'भिया, पट्टी देना, चार इंची.' क्रेप बँडेज. आमच्या इथे ते रात्री बेरात्री लागतंच, मी वळून डबा काढला आणि परत फिरलो तर हेल्मेटवाला काउंटरची फळी उचलून आत आलेला. हातात चाकू. फार मोठाही नव्हता, सफरचंद कापायचा असतो तसा. 'गल्ला खोल.'

मी गल्ला खोलला. हे मला नीट आठवतं, काहीही न बोलता खोलला. हेल्मेटवाल्याने नोटा उचलायला हात घातला आणि माझा डावा हात आपोआप त्याच्या हातावर, म्हणजे गल्ल्यावर जाऊन पडला. मी ओरडलो नाही, त्याला ढकललं नाही, काही नाही, फक्त हात ठेवला, जसं घरात लहान मूल डब्यात हात घालायला लागलं की आपण ठेवतो. त्याने चाकू ओढला. दुखलं नाही. खरंच दुखलं नाही, आधी फक्त गरम वाटलं. ते दोघं गेले, बाइकचा आवाज लांब गेला, आणि मी खाली पडलेल्या नोटा गोळा करायला लागलो. शंभराच्या दोन मिळाल्या. मग त्याच चार इंची पट्टीने हात गुंडाळला, दाताने टोक धरून. (दोन दिवसांनी स्टॉक घेताना मुनीमजींना एक क्रेप बँडेज कमी आलं, ते त्यांनी काहीच न बोलता सोडून दिलं. माणूस वाईट नव्हता.)

त्यानंतर जो कोणी आला त्याने पहिला प्रश्न तोच विचारला. समोरच्या नर्सिंग होमचा वॉचमन, मग सेठजी फोनवर, मग पोलीस, मग टीआय साहेब (ठाण्याचे इन्स्पेक्टर), मग सकाळी गल्लीतले लोक आणि पुण्याहून मामा. 'कितना गया?' 'किती गेले रे?' सरकारी दवाखान्यात एमएलसी, म्हणजे पोलीस केसचा वैद्यकीय कागद, लिहिणाऱ्या कंपाउंडरनेसुद्धा टाके घालायच्या आधी विचारलं. मी सगळ्यांना सांगत होतो, ६,३४०. आधी ६,५४० वाटत होते पण त्या दोन शंभराच्या नोटा वजा केल्या. सकाळी एक तरुण डॉक्टर आला, त्याने एकट्याने वेगळा प्रश्न विचारला. म्हणाला, 'उंगली मोड़ के दिखाओ.' आणि तेव्हा मला कळलं की दोन बोटं माझं ऐकत नाहीयेत.

टेंडन कापली गेली होती. हाताची बोटं मिटतात ती या दोऱ्यांमुळे, आणि त्या तुटल्या की रबर सुटल्यासारख्या आत ओढल्या जातात, म्हणून लवकर शोधून शिवाव्या लागतात. शिवल्यावर पाच-सहा आठवडे स्प्लिंट, मग फिजिओ, सकाळ-संध्याकाळ मऊ चेंडू दाबत बसायचं. या सगळ्याला बाबांनी आत्याकडून पैसे घेतले. सेठजी डाळिंबं घेऊन घरी आले होते, आईच्या पाया पडले, दोन हजाराचं पाकीट उशीखाली ठेवून गेले. 'शेर है आपका लड़का, शेर,' म्हणाले.

हे शेर प्रकरण पुढे फार वाढलं. पेपरमध्ये चार ओळी आल्या त्यात 'कर्मचारी ने दिखाई बहादुरी' असं होतं. मग गणपतीत आमच्या मंडळाने ठरवलं की सत्कार करायचा, शाल-श्रीफळ. त्या वर्षी गणपती ऑगस्टच्या शेवटी होते, स्प्लिंट नुकतंच निघालं होतं. काकांनी माइकवर सांगितलं की आपल्या मराठी पोराने शस्त्राला न भिता मालकाच्या मिठाला जागून वगैरे वगैरे, आणि नारळ माझ्या हातात दिला. दोन्ही हातांनी घ्यायचा असतो. डाव्या हाताने धरलाच गेला नाही, नारळ निसटला आणि गडगडत पहिल्या रांगेत बसलेल्या बायकांच्या पायापर्यंत गेला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी पण हसलो. पण घरी येऊन आईला म्हटलं, आई मी काही शूर-बिर नव्हतो गं, मला ते सहा हजार आपल्याकडून जातील असं वाटलं. आई मीठ-मोहऱ्या ओवाळत होती, तिने ऐकलं की नाही कोण जाणे.

आणि ते गेलेच. हात कामाचा नसताना सात आठवडे पगार नाही, कारण काम नाही. पुन्हा कामावर गेल्यावर पहिल्या पगारात २,००० कट, दुसऱ्यात २,०००, तिसऱ्यात २,३४०. लाल वहीत लिहिलं होतं, शॉर्टेज, तारीख, माझं नाव. मी मुनीमजींना विचारलं तर ते म्हणाले, 'बेटा क्लेम लगाया है, आएगा तो दे देंगे.' म्हणजे दुकानाचा विमा होता, त्यात गल्ल्यातल्या रोकडीचा वेगळा भाग होता. आणि त्या क्लेमवर सही कोणाची? माझी. पट्टी बांधलेल्या अवस्थेत मी घरी बसून तीन कागदांवर सही केली होती, की अमुक रात्री अमुक वाजता गल्ल्यात इतकी रोकड होती आणि ती माझ्यासमोर गेली. उजवा हात ठीक होता ना. पाच महिन्यांनी क्लेम आला, वरचे १,५०० 'एक्सेस' म्हणून, म्हणजे विमा घेणाऱ्याने स्वतः सोसायचा भाग म्हणून, विमा कंपनीने कापले, बाकी ४,८४० मला परत मिळाले. म्हणजे हिशेब चोख झाला, एक रुपयाची गडबड नाही. फक्त एक्सेस माझा.

आता मी हेच काम करतो बरं का. एका कन्सल्टंटकडे आहे, छोट्या दुकानदारांचे विम्याचे आणि मोटरचे क्लेम भरतो. रोकडीच्या क्लेम फॉर्ममध्ये नोटा कुठे होत्या, कुलूप होतं का, शेवटची मोजणी कधी, किल्ली कोणाकडे, सगळ्याला रकाने आहेत. पैसे हातातून ओढले गेले तेव्हा त्या हाताचं काय झालं, याला रकाना नाही. तो या पॉलिसीचा विषयच नाही, फॉर्मची त्यात चूकही नाही.

कायद्यात पण तसंच आहे, फक्त भाषा भारी. चोरी, लूट आणि दरोडा यातला फरक लोकांना माहीत नसतो. नुसतं उचलून नेलं तर चोरी, त्यासाठी दुखापत केली किंवा मारायची भीती घातली तर लूट, आणि पाच किंवा जास्त जण मिळून लूट असेल तर दरोडा. लुटताना दुखापत केली तर तेव्हा भादंविचं ३९४ कलम लागायचं, १ जुलै २०२४ पासून न्याय संहितेत ते ३०९ च्या पोटात गेलंय, जन्मठेपेपर्यंत शिक्षा होऊ शकते. वाचायला बरं वाटतं. पण नीट बघा, त्या सगळ्यात माझ्या बोटांचं काम काय, तर गुन्ह्याचा दर्जा वाढवणं. मला लुटणारी ती दोघं सापडली नाहीत ते सोडा.

बाबांनी एकदा, असंच रात्री जेवताना, एक वाक्य टाकलं होतं. म्हणाले, 'मिलमध्ये मशीनने बोट खाल्लं की फॉर्मवर मशीनचा नंबर लिहायचे. तुझ्या फॉर्मवर कोणाचा नंबर लिहिणार?' त्यांच्या वेळी मिल कामगाराला मार लागला की नंदानगरचा बीमा अस्पताल होता, पगाराचा काही भाग घरबसल्या मिळायचा, भांडून का होईना पण मिळायचा, कारण मशीन मालकाचं आणि अपघात मशीनचा हे सगळ्यांना मान्य होतं. माझ्या दुकानात आम्ही सगळे मिळून पाच जण, त्या कामगार विम्यात बसतच नव्हतो. आणि दुकानातल्या माराला कोणी अपघात म्हणत नाही, म्हणतात चोर आला, नशीब. जणू चोर पावसासारखा आकाशातून पडतो आणि गल्ला, एकटा पोरगा, रात्रीचे पावणेतीन यांचा त्याच्याशी संबंध नाही.

तिकडे अमेरिकेत यावर बराच विचार झालाय. सेव्हन-इलेव्हन नावाची तिथली दुकानांची साखळी आहे, त्यांनी १९७० च्या दशकात चक्क शिक्षा भोगून आलेल्या दरोडेखोरांनाच विचारलं की बाबांनो तुम्ही दुकान कसं निवडता. त्यातून जे निघालं ते इतकं साधं की हसू येतं. गल्ल्यात रोकड कमी ठेवा, बाकीची अशा तिजोरीत टाका जी काउंटरवाल्याला उघडताच येत नाही, तसा बोर्ड बाहेर लावा, काचेवर पोस्टर चिकटवून आतलं झाकू नका, दिवे चांगले लावा. फ्लोरिडात गेन्सविल नावाचं गाव आहे, त्यांनी १९८६ मध्ये यातल्या बऱ्याच गोष्टींचा नियमच केला आणि वर रात्री काउंटरला दोन माणसं हवीत असंही म्हटलं. १९९६ मध्ये तिथल्या सरकारी संस्थेने, निऑश म्हणतात तिला, कामावरच्या हिंसेवर एक पत्रक काढलं, त्यात धोका वाढवणाऱ्या गोष्टी दिल्यात, लोकांशी पैशाची देवाणघेवाण, एकट्याने काम, रात्री उशिराचं काम. मी ते पहिल्यांदा वाचलं तेव्हा वाटलं हे माझ्या नोकरीचं वर्णन कोणी लिहून ठेवलंय. आणि एक गोष्ट तिथे सगळे ठासून सांगतात, की पैसे देऊन टाका, हात आडवा घालू नका.

बरोबर आहे. शंभर टक्के बरोबर आहे. पण 'देऊन टाक' हे त्याला सांगता येतं ज्याचे ते पैसे नाहीत. ज्याच्या पगारातून ते कट होणार त्याचे ते पैसे आहेतच की, मग तो हात आडवा घालणार, विचार न करता घालणार, कारण विचार त्याने आधीच उन्हातून चालत चालत केलेला असतो. माझी बोटं चाकूने कापली हे खरं, पण तो हात तिथे लाल वहीने ठेवला होता. हे मला कळायला दहा वर्षं लागली. शौर्य म्हणून ज्याला नारळ मिळाला तो शॉर्टेजचा नियम होता.

आणि गंमत म्हणजे कायदा असं कापू देतच नाही. तेव्हा १९३६ चा पगाराचा कायदा होता, त्यात कर्मचाऱ्याच्या ताब्यातले पैसे गेले तर ते कापता यायचे, पण नुकसान थेट त्याच्या हलगर्जीपणामुळे किंवा चुकीमुळे झालं असेल तरच, आणि तेही त्याला बाजू मांडायची संधी देऊन. नोव्हेंबर २०२५ पासून त्याच्या जागी २०१९ ची वेतन संहिता लागू झालीय, तिच्यातही ही अट राहिलीच आहे. आमच्या दुकानासारख्या दुकानाला कोणता कायदा कुठपर्यंत लागतो यावर वकील वाद घालोत, पण चाकू समोर असताना गल्ला उघडला याला हलगर्जीपणा म्हणणारा माणूस मला बघायचाय. माझी बाजू कोणी ऐकली नाही असं पण नाही म्हणा, ती मीच सही करून दिली होती, फक्त विमा कंपनीला.

रोकडीची काळजी मात्र आपल्याकडेही घेतात, उगाच नावं ठेवायला नको. २०१८ मध्ये केंद्राच्या गृहखात्याने कॅश व्हॅनचे नियम काढले. शहरात रात्री ९ नंतर एटीएममध्ये पैसे भरायचे नाहीत, खेड्यात संध्याकाळी ६ नंतर नाही, नक्षली भागात ४ नंतर नाही, एका गाडीत ५ कोटींच्या वर रोकड नको, सोबत दोन बंदूकवाले गार्ड. फार चांगला नियम, त्या गाड्यांवरचे किती गार्ड आणि ड्रायव्हर मेलेत त्याच्या बातम्या आपण वाचल्यात. पण म्हणजे रात्री ९ नंतर शहरात रोकड घेऊन फिरणं धोक्याचं आहे हे सरकारला लेखी मान्य आहे. मग ९ नंतर रोकड घेऊन एकाच जागी बसणाऱ्यांचं काय? पेट्रोल पंपावर कमरेला चामड्याची बॅग लावून उभा असतो तो पोरगा, टोलवर खिडकीतून हात बाहेर काढणारा, देशी दारूच्या दुकानात जाळीमागे बसलेला. २०२२ मध्ये इंदूरात बीआरटीएसच्या, म्हणजे बससाठी वेगळी लेन असलेल्या रस्त्याच्या, दोन्ही बाजूंची दुकानं २४ तास उघडी ठेवायला परवानगी मिळाली तेव्हा शहर काय खूश, नाइट कल्चर नाइट कल्चर. सराफ्यात रात्री दीड वाजता गराडू (तळलेला कंद) खाणाऱ्या आम्हा लोकांना ते आवडणारच. मी व्हॉट्सॲप ग्रुपवर विचारलं होतं की काउंटरला किती जण असणार आहेत, एक की दोन? त्यावर एकाने अंगठा टाकला. २०२४ मध्ये ते सगळं परत बंद केलं, ते वेगळ्याच तक्रारींमुळे, दारू, नशा, भांडणं, त्यात काउंटरवाल्याच्या बाजूने कोणी काही बोलल्याचं मला आठवत नाही.

मोटरचे क्लेम भरताना एक निकाल वाचनात आला, तो इथे सांगितल्याशिवाय राहवत नाही. १९९५ मध्ये नागालँडमधल्या दिमापूरला एका रिक्षावाल्याला प्रवाशांनीच मारून टाकलं आणि रिक्षा घेऊन गेले. बायकोने भरपाई मागितली तर विमा कंपनी म्हणाली, हा खून आहे, अपघात नाही. केस सुप्रीम कोर्टापर्यंत गेली. २००० मध्ये कोर्टाने म्हटलं की मारणाऱ्यांचा मूळ हेतू रिक्षा चोरायचा होता, माणूस त्या भरात मारला गेला, म्हणून रिक्षावाल्याच्या बाजूने बघितलं तर हा अपघातच. आणि पैसे द्यायला लावले. मला हा निकाल वाचून दोन दिवस काम सुचलं नाही. खून हा अपघात असू शकतो. म्हणजे माझ्या बाबांना हवा होता तो मशीनचा नंबर कोणीतरी लिहिला होता, माझ्या नऊ वर्षं आधीच. रिक्षाला विमा होता म्हणून ते झालं हेही तितकंच खरं, माझ्या काउंटरला चाकं नव्हती.

बाकी मी ठीक आहे. बाइक मागे येऊन एकदम थांबली की मान वळते, दुकानात शिरताना हेल्मेट काढत नाहीत त्या लोकांकडे मी अजून बघत राहतो, बायको म्हणते असं टक लावून बघू नका हो. नोटा मोजायला उजवा हात वापरतो.

गेल्या जानेवारीत आईला रात्री दम लागला. नेब्युलायझरचं औषध संपलेलं, मी एक वाजता बाहेर पडलो, मफलर, जर्किन, हेल्मेट. चार दुकानं बंद, पाचवं उघडं. काउंटरला बावीस-तेवीसचा पोरगा, एकटा, मोबाइलवर क्रिकेट बघत होता. त्याने रेस्प्यूल काढून दिले, बिल केलं, मी सहज, अगदी आपुलकीने विचारायला गेलो, 'बेटा, रात को अकेले बैठते हो? गल्ले में कितना रखते हो?'

त्याने मोबाइल उलटा ठेवला. माझ्या हेल्मेटकडे बघितलं, मग माझ्या मागे, बाइकवर आणखी कोणी आहे का ते. आणि त्याचा डावा हात हळूच सरकत जाऊन गल्ल्यावर पडला.

'कैश नहीं है अंकल,' तो म्हणाला, 'यूपीआय कर दो.'

मी हेल्मेट काढलं. सांगावंसं खूप वाटलं, पण काय सांगणार, आणि आई वाट बघत होती. स्कॅन केलं. त्या रिकाम्या रस्त्यावर डबी केवढ्यानं ओरडली, तीन सौ चालीस रुपये प्राप्त हुए. मी बाइक चालू करून वळलो तरी त्याचा हात तिथेच होता.